तळ, उतार, काठ : पार्किंगच्या पाण्यासाठी केलेल्या बागेच्या प्रकल्प नोंदी

२२ जानेवारी

पाहणी झाली. डांबरी पार्किंग साधारण १,२०० चौरस मीटर, सगळा उतार एकाच कोपऱ्याकडे. तिथल्या जाळीतून पावसाचं पाणी थेट नाल्यात जातं; जाताना सांडलेलं तेल, टायरची झीज, पाचोळा, थोटकं असं सगळं घेऊन जातं. त्या कोपऱ्यात ८० चौरस मीटरचा पट्टा मोकळा आहे. पाणी आधी तिथे थांबवायचं, गाळायचं, मुरेल तेवढं मुरवायचं आणि उरलेलं सावकाश पुढे सोडायचं, एवढं काम.

नकाशे पसरले तर पट्टा एक आणि नावं तीन. स्थापत्यवाल्यांच्या नकाशात ‘बायोस्वेल’, आमच्या लावणीच्या नकाशात ‘रेन गार्डन’ आणि परिमाणपत्रकात ‘हिरवळ व शोभेची झाडे’. तिघांनी आपापला कागद प्रमाण मानून काम केलं तर चौथंच काहीतरी उभं राहील.

२४ जानेवारी

सगळ्यांना बसवून शब्द पक्के केले. स्वेल म्हणजे उथळ, रुंद, गवताळ चर. त्याचं मुख्य काम पाणी हळूहळू वाहून नेणं. रेन गार्डन म्हणजे खोलगट वाफा. त्यात पाणी साचतं आणि मुरतं. बायोरिटेन्शन म्हणजे तोच खोलगट वाफा, पण बांधून काढलेला: ठरवून केलेलं मातीचं मिश्रण, खाली खडी, खडीत छिद्रांचा पाइप, वर ठरावीक उंचीला ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी बाहेर जायचं तोंड. डांबराच्या कडेने पाणी पातळ थरात पसरून जावं म्हणून ठेवलेली सपाट गवताची पट्टी ती फिल्टर स्ट्रिप. डिटेन्शन तळं पाणी काही काळ अडवून सगळं सोडून देतं, रिटेन्शन तळ्यात काही पाणी कायम राहतं. आपल्या नकाशात ही दोन्ही नाहीत, पण बैठकीत दोघेजण दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरत होते, म्हणून लिहून ठेवलं.

आपलं काम बायोरिटेन्शनचं, आणि वरच्या बाजूला पाणी आणून सोडणारा एक छोटा स्वेल. बोलताना सगळे ‘रेन गार्डन’च म्हणणार, म्हणोत. नकाशात मात्र शब्द नेमका हवा, कारण लावणी त्यावर ठरते. स्वेलमध्ये पाणी जोरात आलं की आडवं पडून पुन्हा उभं राहणारं गवत लागतं. साचणाऱ्या वाफ्यात प्रवाह मंद असतो, तिथे ताठ ठोंब चालतो, पण त्याला काही तास गुडघाभर बुडून राहता आलं पाहिजे.

३० जानेवारी

तपशीलपत्र वाचलं. निरनिराळ्या देशांच्या मार्गदर्शिकांतून उतरवून घेतलेलं दिसतंय. ‘रेन गार्डन’ हे नाव १९९० च्या सुमारास अमेरिकेत, मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत रुळलं. एका घरवसाहतीत मोठ्या साठवण तळ्याऐवजी घरोघरी खोलगट वाफे केले तेव्हा. पुढे जो तो देश आपापली भाषा करत गेला. ब्रिटनमध्ये या सगळ्या पद्धतींना मिळून ‘सड्स’ म्हणतात, ऑस्ट्रेलियात ‘वॉटर सेन्सिटिव्ह अर्बन डिझाइन’, चीनमध्ये २०१३ पासून ‘स्पंज सिटी’. नावं वेगळी असायला हरकत नाही. अडचण बारीक शब्दांत होते. ऑस्ट्रेलियन कागदातला ‘सॅच्युरेटेड झोन’ आणि अमेरिकी कागदातला ‘इंटर्नल वॉटर स्टोरेज’ हा एकच थर, तळाशी पाणी अडवून ठेवणारा. आमच्या तपशीलपत्रात दोन्ही आले आहेत, तेही दोन वेगळ्या खोल्यांना. सरळ एक ओळ खोडली. या नोंदींत त्याला ‘ओला थर’ म्हणेन.

५ फेब्रुवारी

मुरण्याची चाचणी. कोपऱ्यात खड्डे घेतले, पाणी ओतलं, बघता बघता गायब. सुपरवायझर खूश: “मुरतंय की मस्त!”

ते मुरणं भेगांतून होतं. इथली माती चिकण आहे, कोरडी पडली की तडकते, ओली झाली की फुगते. रात्रभर खड्डे भरलेले ठेवले. सकाळी भेगा मिटलेल्या होत्या आणि खड्ड्याच्या भिंतीला बोट लावलं तर बोटावर गुळगुळीत लेप येत होता. पट्टी उभी करून मोजलं: तासाला ८ ते ९ मि.मी. कोरड्या मातीवर एकदाच पाणी ओतून ‘चाचणी झाली’ म्हणणाऱ्यांचे वाफे पहिल्या मोठ्या पावसानंतर डबकी होतात ते यामुळेच.

तासाला १२-१३ मि.मी.पेक्षा कमी वेग असेल तर खालून पाइप द्यावा, असा बऱ्याच अमेरिकी मार्गदर्शिकांचा दंडक आहे. तेव्हा अंडरड्रेन नक्की.

११ फेब्रुवारी

हिशेब. एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २५ मि.मी. पाऊस, १,२०० चौरस मीटर, डांबराचा अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून येणारा हिस्सा) ०.९, म्हणजे २७,००० लिटर. वाफ्यावर २०० मि.मी. साठा धरला तर १६,००० लिटर, ६०० मि.मी. मिश्रणात वीस टक्के मोकळी पोकळी धरली तर ९,६०० लिटर, आणि बाजूच्या एकास तीन उतारांवर चढणारं पाणी धरलं की जुळलं. खालचा ओला थर आधीच भरलेला असणार, तो मोजायचा नाही. त्याहून मोठा पाऊस ओव्हरफ्लोतून जाईल. सगळा पाऊस गिळण्याचा आव आणायचा नाही. पावसाच्या सुरुवातीला पार्किंग धुऊन येणारं पाणी सगळ्यात घाण असतं, ते आत आलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

आज झाडांची यादी. दिवसभर तीच चालली.

यादीची मांडणी फुलांच्या रंगावर नाही, उंचीवरही नाही. तीन पट्टे: तळ, उतार, काठ. तळाला पाणी साचतं, उताराला मधूनमधून लागतं, काठ कोरडाच. प्रत्येक झाडापुढे दोनच रकाने: किती तास बुडून राहील आणि पाण्याविना किती आठवडे काढील. नर्सरीवाल्यांना पहिला रकाना पटकन कळतो. ‘पाण्यात राहणारं झाड’ म्हटलं की ते दलदलीची झाडं दाखवायला लागतात. पण हा वाफा दलदल नाही. मिश्रण वाळूचं, पाणी दिवसभरात उतरून जाणारं. वर्षातले बहुतेक महिने तळ ठणठणीत कोरडा असणार. इथलं झाड बुडून मरण्याआधी तहानेनं मरतं. म्हणून दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा.

या कसोटीवर वेखंड गेलं. त्याला पाय सतत ओले लागतात. ब्राह्मीचंही तेच, पण स्वेलच्या तोंडाशी जिथे ओल टिकेल तिथे थोडी लावून बघायला हरकत नाही. कमळ-कुमुदिनीचं नाव एका बैठकीत निघालं होतं, त्यावर न लिहिलेलंच बरं.

वाळा राहिला, आणि तो यादीचा कणा. मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही. पुरात बुडतो, उन्हाळ्यात तगतो, आणि लागवडीतला वाळा बियांनी पसरत नाही, ठोंब फोडूनच वाढवावा लागतो. प्रवाहाला आडवी ओळ लावली की पाणी तिथे थबकतं, गाळ मागे बसतो. अडचण उंचीची. दीड-दोन मीटर वाढतो आणि गाडी मागे घेणाऱ्याला काही दिसत नाही. त्यामुळे वाळा आतल्या बाजूला, गाड्यांच्या बाजूला काही बुटकं.

कर्दळ घेतली. साधी कॅना इंडिका, मोठ्या फुलांचे संकर नकोत. पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट भराभर उचलते, कोरड पडली की वरचा भाग वाळतो पण गड्डा जिवंत राहतो. वाळलेले दांडे कापून वाफ्याबाहेर न्यावे लागतात, नाहीतर झाडानं उचललेलं सगळं कुजून पुन्हा पाण्यात. स्पायडर लिली घेतली: तळ आणि उतार दोन्हीकडे चालते, गुडघ्याएवढी राहते. उतारावर हरळी, पण पत्र्याच्या कडेनं अडवलेली, कारण हरळीला मोकळं सोडलं तर दोन हंगामांत वाफा तिचा. गवती चहा काठावर. त्याला साचलेलं पाणी सोसत नाही. निर्गुडी उताराच्या वरच्या अंगाला, ती मुळात ओढ्याकाठची, पूर आणि कोरड दोन्ही तिच्या सवयीचं.

झाडांत अर्जुनाचा आग्रह झाला. नदीकाठचा अर्जुन देखणाच, पण ८० चौरस मीटरच्या वाफ्यात तो पुढे काय करेल हे सांगायला ज्योतिषी नको. वाळुंज तर पाइप शोधत येतो. दोन करंज ठरले, काठाला, एक मीटर खोल खड्ड्यांत, अंडरड्रेनपासून जमेल तितके लांब.

नको असलेल्यांची यादी वेगळी केली आणि तीही तितकीच ठळक टाइप केली. बेशरम: कोणीतरी ‘पाण्यात मरत नाही’ म्हणून सुचवणारच. घाणेरी, जलपर्णी. नागरमोथा, म्हणजे सायपरस रोटंडस: गवतासारखा गोंडस दिसतो, पण खालच्या गाठी एकदा वाफ्यात शिरल्या की निघत नाहीत. आणि पाणकणीस, म्हणजे टायफा. पाणकणीस लावायचं नाहीच, पण आपणहून उगवलं तर उपटण्याआधी कळवायचं. टायफा दिसला याचा अर्थ तिथे पाणी ठरलं होतं त्याहून जास्त काळ थांबतंय.

मुळांबद्दल एक नोंद. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात बायोफिल्टरवर, म्हणजे अशाच गाळणाऱ्या वाफ्यांवर, बऱ्याच चाचण्या झाल्या. तिथल्या कॅरेक्स अप्रेसा या लव्ह्याच्या जातीनं पाण्यातला नायट्रोजन उत्तम काढला. तिची मुळं बारीक, केसांसारखी, भरपूर. उलट मेलाल्युका एरिसिफोलियाची जाड मुळं मिश्रणात वाटा मोकळ्या ठेवतात, पाणी मुरण्याचा वेग टिकतो. म्हणजे एकाच जातीचा वाफा करू नये. कॅरेक्स इथे आणणार नाही, पण बारीक मुळांचं आणि जाड मुळांचं असं जोडीनं लावायचं हे तिथूनच घेतलं.

१ मार्च

मिश्रण: धुतलेली जाड वाळू तीन-चतुर्थांशाच्या वर, बाकी दुमट माती आणि अगदी थोडं कंपोस्ट. अपेक्षित वेग तासाला १०० ते ३०० मि.मी.

कंपोस्टवरून माळीकाकांशी वाद. त्यांच्या मते एवढ्या रेताड मातीत झाडं जगणं कठीण, निदान शेणखत तरी घाला. त्यांचं बागेच्या हिशेबानं बरोबर आहे. पण इथे वरून येणारं पाणीच खत घेऊन येतं. जास्त कंपोस्ट घातलं तर त्यातलं फॉस्फरस धुपून अंडरड्रेनमधून बाहेर पडतं, आणि ज्या पाण्याला गाळायचं तेच जास्त घाण करून सोडल्यासारखं होतं. खत, युरिया, शेणखत काही नाही, पुढेही नाही. काका “बघू” म्हणाले.

मातीचा पहिला ट्रक आला. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, झाकण लावून खळाखळा हलवली आणि खिडकीत ठेवली. वाळू मिनिटभरात खाली बसली, तिच्यावर गाळाचा पट्टा दोनेक तासांत दिसू लागला. संध्याकाळीही वरचं पाणी चहासारखं. उद्या बघू.

२ मार्च

अजूनही चहा. चिकणमाती फार. ट्रक परत.

९ मार्च

खोदाई. जेसीबी काठावर उभा राहून हात लांबवून खोदेल, तळात उतरणार नाही, हे आधी लिहून दिलं होतं. तरी चालक उतरायला निघाला होता, काम लवकर होतं म्हणून. यंत्राच्या वजनानं तळ दाबला गेला की तासाला ८ मि.मी.चे २ होतात आणि वर कितीही छान मिश्रण घाला, खालचं झाकण बसलेलं राहतं. शेवटी तळ बादलीच्या दातांनी ओरबाडून खडबडीत करून घेतला.

१६ मार्च

थर भरले. तळाला खडी, त्यात १५० मि.मी. व्यासाचा छिद्रांचा पाइप. पाइपचं बाहेर जाणारं टोक कोपर लावून ३०० मि.मी. वर उचललं, त्यामुळे खडीत तेवढं पाणी अडून राहील. हाच तो ओला थर. त्याचे उपयोग दोन. कोरड्या महिन्यांत वाळ्याची मुळं तिथवर पोहोचतील, आणि त्या थरात ऑक्सिजन नसल्यानं तिथले जीवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. त्यांना कार्बन लागतो म्हणून खडीत लाकडाचा थोडा चुरा मिसळला.

खडी आणि मिश्रणाच्या मध्ये जिओटेक्स्टाइल अंथरण्याचा आग्रह पुरवठादाराचा होता. नाही म्हटलं. आडवं अंथरलेलं कापड बारीक कणांनी बुजतं आणि मग ते काढायला सगळा वाफा उकरावा लागतो. त्याऐवजी वाटाण्याएवढ्या खड्यांचा १०० मि.मी. थर, आणि त्यावर मिश्रण. कापड फक्त बाजूच्या भिंतींना. पाइपला वरून साफ करता येईल असा उभा तुकडा जोडला, टोपणासकट.

२८ मार्च

पाणी आत येण्याची जागा. काठाचा दगड कापून तोंड केलं. आतली दगडी पातळी डांबराच्या कडेपेक्षा ६० मि.मी. खाली. हे अंतर ठेवलं नाही तर गवत आणि गाळ मिळून तिथेच उंबरठा तयार होतो, पाणी आत येतच नाही, बाजूनं निघून जातं. तोंडाच्या आत फोरबे: दगड बसवलेला छोटा हौद, जड गाळ आणि कचरा तिथेच बसावा म्हणून. फावडं मारून साफ करता येईल इतका रुंद.

तोंड सध्या वाळूच्या पोत्यांनी बंद. डांबराचा शेवटचा थर आणि बाजूची माती पक्की होईपर्यंत पाणी आत घ्यायचं नाही. बांधकामाचा गाळ एकदा मिश्रणात शिरला की वाफा सुरू होण्याआधीच संपतो.

११ एप्रिल

आज सकाळी येऊन बघते तर वाफ्याचा मध्य फुगवलेला. लावणीच्या टोळीनं मिश्रण ओढून सुंदर गोलाई दिली होती, कडेला दगडांची माळसुद्धा. फुलांच्या वाफ्याला देतात तशी.

“ताई, वाफा खड्ड्यात कुठं करतात का?” माळीकाका.

नळी सोडून दाखवलं. पाणी गोलाईवरून घसरून कडेला गेलं, दगडांच्या माळेला अडलं आणि काठावरून बाहेर. मग दोरी बांधली, पातळीनळी धरली, मध्य खाली ओढला. तळ सपाट हवा, उतरता नको. उतरता असला की सगळं पाणी एका टोकाला साचतं, तिथली झाडं बुडतात आणि दुसऱ्या टोकाची वाळतात. ओव्हरफ्लोच्या तोंडापासून सगळीकडे २०० मि.मी. खाली, हे काकांनी स्वतः काठी घेऊन तपासलं. काठीवर त्यांनी खिळ्यानं खूण करून ठेवली आहे.

१९ एप्रिल

लावणी. भर उन्हात लावण्यावर बरीच कुरकुर झाली. पावसाच्या तोंडावर लावणं सोपं, पण मग मुळं धरायच्या आत प्रवाह येतो आणि रोपं ओव्हरफ्लोच्या जाळीत सापडतात. आता लावली तर पाणी घालावं लागेल, पण दीड महिन्यात पाय रोवतील.

लहान रोपं, दाट: चौरस मीटरला आठ. मोठी रोपं विरळ लावली की पहिल्याच वर्षी मधल्या उघड्या जागेत तण. नर्सरीच्या पिशवीतली माती काळी, चिकट. तशीच मिश्रणात ठेवली तर भोवतीच्या वाळूतलं पाणी तिच्यात नीट शिरत नाही. बादलीत बुडवून अर्धीअधिक झटकून मग लावलं. काम वाढलं, पण वाळ्याचे ठोंब तसे उघड्या मुळांचेच आले होते, त्यामुळे वेळ भरून निघाला.

वाळ्याची ओळ लावताना ठोंब बोटभर अंतरानं, खांद्याला खांदा लावून. एक फट राहिली तर सगळं पाणी त्याच फटीतून जातं.

२४ एप्रिल

आच्छादन. लाकडाच्या चकत्या आल्या, त्या तरंगतात. तळाला नकोच, काठावर वापरल्या. तळाला धाग्याधाग्याचा, एकमेकांत गुंतणारा लाकडाचा कीस, ६० मि.मी., बुंध्यांपासून चार बोटं लांब. फोरबेसमोर कीसही टिकणार नाही, तिथे गोटे.

१७ जून

डांबर पूर्ण, हिरवळ धरली. पोती काढली.

२१ जून

पहिला खरा पाऊस: दीड तासात ३१ मि.मी. छत्री घेऊन फोरबेशी उभी राहिले. आधी आला फेस, करड्या रंगाचा, त्यात इंद्रधनुषी तेलाच्या चकत्या. मग थोटकं, बाटलीची झाकणं, पिंपळाची पानं. पहिल्या पंधरा मिनिटांत हौदाचा तळ दिसेनासा झाला. नंतरचं पाणी बऱ्यापैकी निवळ. वाफ्यातल्या मोजपट्टीवर पाणी १२० मि.मी.पर्यंत चढलं. वाळ्याच्या ओळीमागे पाणी दोन बोटं जास्त उंच होतं आणि पुढच्या बाजूला सपाट, शांत. पाऊस थांबल्यावर दोनेक तासांत कीस उघडा पडला. अंडरड्रेनच्या टोकाशी पाणी अजून येत होतं, जवळपास स्वच्छ, किंचित पिवळसर. पिवळेपणा कंपोस्टचा, काही पावसांत कमी व्हायला हवा.

९ जुलै

स्वेलचा एक काठ खचला. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला आदळतंय. स्थापत्यवाले काँक्रीटची भिंत सुचवत होते. निर्गुडीच्या जिवंत फांद्यांच्या जुड्या बांधून, काठाला समांतर चरीत पुरून, खुंट्या ठोकल्या. फांद्यांना मुळं फुटतात आणि काठ शिवला जातो. याला फॅसिन म्हणतात. सिंगापूरच्या बिशान-आंग मो किओ उद्यानात कालांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीट कालवा मोडून ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली, ते उद्यान २०१२ मध्ये खुलं झालं. तिथेही काठ अशाच जैव-अभियांत्रिकीनं बांधले आहेत, आणि आधी ६० मीटरच्या तुकड्यावर वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या होत्या. बैठकीत हे उदाहरण दिल्यावर भिंतीचा विषय मिटला. निदान या पावसाळ्यापुरता.

२ ऑगस्ट

डासांची तक्रार, लेखी. वाफ्यातलं पाणी दिवसाच्या आत उतरतं. डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत उबदार हवेतसुद्धा साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. हे सांगून तक्रार परत पाठवता आली असती, पण टॉर्च घेऊन फिरलो. अळ्या सापडल्या: वाफ्यात नाही, फोरबेच्या हौदात. गाळानं तळ बुजून दगडांमध्ये ओंजळभर पाणी राहत होतं. गाळ उपसला, तळाच्या सांध्यांत छिद्रं पाडली, खाली खडी. ओव्हरफ्लोच्या पेटीतही तळाला भोक.

२७ सप्टेंबर

माळीकाकांचा फोन: “तुमचं ते कणीस आलंय.” ओव्हरफ्लोजवळच्या कोपऱ्यात टायफाची तीन-चार कोवळी पाती. बोटानं कीस बाजूला केला तर खाली करड्या गाळाची साय, नखाएवढी जाड, वाळलेल्या ठिकाणी चिनीमातीसारखी तडकलेली. ती उचलली की खालची वाळू मोकळी. म्हणजे दोष मिश्रणात नाही, वरच्या सायीत. मोजपट्टी आणि घड्याळ लावून बघितलं: जूनमध्ये जेवढं पाणी दोन तासांत उतरलं होतं तेवढ्याला आता या कोपऱ्यात जवळजवळ दिवस लागतोय. साय खरवडून काढली, कीस नवा. पाणकणीस मुळासकट काढलं, काकांच्या हातून. उपटण्याआधी फोन केला याचं त्यांना विशेष काही वाटत नव्हतं, मला वाटलं.

गाळ येतोय कुठून हेही सापडलं: पार्किंगच्या वरच्या अंगाला उघडा पडलेला मातीचा ढीग. तो हलवून हरळी टाकेपर्यंत साय पुन्हा येत राहणार.

१२ नोव्हेंबर

पावसानंतरची मोजणी. वाळा सगळा उभा. कर्दळ अपेक्षेपेक्षा जोरात, तिचा तिसरा हिस्सा विरळ करायला हवा. स्पायडर लिली ठीक, फक्त फोरबेसमोरची उपटून गेली. तिथे पुढच्या वेळी वाळाच. ब्राह्मी स्वेलच्या तोंडाशी टिकली, आठ हात पुढे नाही. गवती चहाची एक ओळ काठाच्या खाली सरकवली गेली होती, ती कुजली; वरची उत्तम. निर्गुडीच्या जुड्यांना बोटभर फुटवे. एक करंज किडला आहे पण जाईल असं वाटत नाही.

हरळीनं पत्रा ओलांडला. अर्थात.

१० जानेवारी

देखभालीचा कागद माळीकाकांबरोबर बसून लिहिला, त्यांच्या शब्दांत. ‘साय खरवडणे’, ‘तोंड मोकळं ठेवणे’, ‘कणीस दिसल्यास फोन’. खताच्या रकान्यात त्यांनी स्वतः रेघ मारली.

वाफा आता पूर्ण कोरडा. वाळ्याची पानं टोकाला वाळली आहेत, बुडखे हिरवे. ओल्या थराच्या उभ्या पाइपात दोरी सोडली तर पाणी अजून वीतभर आहे. कर्दळ जमिनीलगत कापायला घेतली. दांडे वाफ्याबाहेर, खतखड्ड्यात.

बाकी कामं: फेब्रुवारीअखेर वाळा गुडघ्याएवढा छाटणे. अंडरड्रेन उभ्या तुकड्यातून पाणी सोडून धुणे. पावसाआधी तीन जागी मुरण्याची चाचणी पुन्हा, त्यातली एक ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यात. वेग तासाला १०० मि.मी.च्या खाली गेला असेल तर वरचे ५० मि.मी. मिश्रण बदलणे. मातीचा ढीग अजून तिथेच आहे. स्थापत्यवाल्यांना पुन्हा लिहिलं.